दूध संकलनाचं ॲप नऊ महिने वापरल्यावर: बाकी ठीक, पण यादीचे पट्टे

डिसेंबरातल्या बिलाच्या दिवशी ४७ नंबरच्या उत्पादक आक्का दुधाच्या नोंदीचं कार्ड घेऊन आमच्या दूध संस्थेत आल्या. "भाऊ, कार्डावर नऊ लिटर चारशे आणि बिलात सहा लिटर दोनशे. मधलं दूध गेलं कुठं?" मागं किटल्या घेऊन दहा-बारा जण उभे. दुधाच्या धंद्यात माझ्यासारख्या सचिवावर असा संशय येणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

बिल बरोबर होतं, कार्ड चुकलं होतं. आमच्याकडे स्लिपचा प्रिंटर नाही. रांग संपली की ॲपच्या यादीत बघून मी कार्डं भरतो. सलग तीन संध्याकाळी मी ४७च्या कार्डावर ४८ची ओळ उतरवली होती. चूक माझ्या हातून झाली, पण ती का झाली ते मी शोधून काढलं, आणि त्यासाठीच हे लिहितोय.

बाकीचं थोडक्यात. फॅट मशीन जोडलं जातं, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दरतक्ता नीट बसतो, गाय-म्हैस हिशोब वेगळा राहतो, दहा दिवसांचं बिल मिनिटात निघतं. त्यात खोट काढायला जागा नाही. वर्षाला १८०० रुपये भरले ते यासाठीच.

आता पट्टे. जूनमध्ये ॲप घेतलं तेव्हा मला सर्वांत जास्त आवडली ती यादी. एक ओळ पांढरी, एक फिकट हिरवी. फोन आडवा धरला तरी कोड, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम असे सात रकाने. नावावरून निघालेली नजर रकमेपर्यंत जाताना वरच्या किंवा खालच्या ओळीत घसरतेच. पट्टा तिला धरून ठेवतो. पूर्वी दूध संघातून संगणकाचा लांबलचक कागद यायचा, कडेला भोकं आणि आडवे हिरवे पट्टे असलेला. त्या कागदावर नजर कधी चुकली नाही. पहिले पाच महिने ॲपनेही तेच सुख दिलं.

दिवाळीनंतर एक अपडेट आलं आणि अधूनमधून दोन हिरव्या ओळी एकाखाली एक दिसू लागल्या. कधी दोन पांढऱ्या. आठवडाभर वहीत टिपत गेलो तेव्हा धागा सापडला. यादी कोडप्रमाणे लागते. कुणी उशिरा दूध घेऊन आलं की त्याची नोंद मध्येच घुसते, आणि नेमका तिथेच पट्टा मोडतो. यादी बरीच खाली नेऊन परत वर आणली की सगळं सरळ. आक्कांच्या तिन्ही संध्याकाळी ४६ नंबर उशिरा आला होता. ४७ आणि ४८ दोघींच्या ओळींचे पट्टे बिघडलेल्या जागेला लागूनच होते.

कंपनीला फोन केला. "सर, तो फक्त दिसण्याचा भाग आहे, हिशोबात फरक पडत नाही." मी आक्कांचा किस्सा सांगितला. त्यावर उत्तर आलं की रंग बदलायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, ६०० रुपये जास्त. जे पहिल्या दिवशी चालू होतं ते दुरुस्त करून घ्यायला पैसे? १४० उत्पादकांच्या संस्थेत चहाचाही हिशोब लिहिला जातो. मी नाही म्हटलं आणि एक स्टार दिला.

इथवर डिसेंबरात लिहून ठेवलं होतं. पुढचं फेब्रुवारीतलं.

पुतणी पुण्यात अँड्रॉइडचं काम करते. संक्रांतीला आली तेव्हा तिला फोन दाखवला. ती म्हणाली, "काका, हे ओळखीचं दुखणं आहे." अशा याद्या बहुधा रिसायकलरव्ह्यू नावाच्या साधनाने करतात; गूगलने ते २०१४ साली आणलं. १४० नोंदी असल्या तरी ते पडद्यावर मावतील तेवढ्याच आणि वर थोड्या जादा ओळी बनवतं, आणि सरकवताना त्याच पुन्हा भरून वापरतं. ओळ भरताना तिचा क्रमांक सम की विषम बघून रंग दिला जातो. मध्ये नवी नोंद घातली की फक्त ती एक ओळ भरली जाते. खालच्या ओळी आपला जुना रंग घेऊन एक घर खाली सरकतात. म्हणून दोन सारख्या रंगाच्या ओळी शेजारी येतात, आणि सरकवून आणल्यावर त्या पुन्हा भरल्या गेल्या की नीट होतात.

मला ते लगेच पटलं, कारण संघाच्या कागदावर पट्टा जागेचा होता, नोंदीचा नव्हता. ॲपमध्ये तो नोंदीला चिकटवला होता. उपाय तिने सांगितले: खालच्या सगळ्या ओळींचा रंग पुन्हा ठरवायला लावणं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पट्टे ओळींच्या मागे वेगळे रंगवणं, त्यासाठी आयटमडेकोरेशन नावाची सोय आहे. मी हे तिच्याच शब्दांत कंपनीला लिहून पाठवलं. तीन आठवड्यांत अपडेट आलं, ६०० रुपये न भरता. मुद्दाम चार उशिराच्या नोंदी घालून पाहिल्या. पट्टा हलला नाही. त्या संध्याकाळी मी चार स्टार केले, आणि मनापासून केले.

पण दोन दिवसांत एक कमी केला. पहाटे डोळ्यांना बरं म्हणून मी डार्क मोड लावतो. त्यात अक्षरं पांढरी होतात आणि हिरवा पट्टा मात्र दिवसाचाच फिकट राहतो. म्हणजे एकाआड एक उत्पादक यादीतून गायब! अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ला १ एवढा फरक असावा, असा वेबसाठीचा निकष आहे, असं पुतणी सांगते. इथे तो जवळपास १ला १, म्हणजे फरक नसल्यातच जमा. रात्रीचा पट्टा वेगळा ठरवा, एवढंच मागणं आहे. मी पुन्हा दिवसाच्या रंगावर आलोय.

दुसरी खोट दहा दिवसांच्या यादीत आहे. तिथे तारखेचं शीर्षकही ओळ म्हणून मोजलं जातं, त्यामुळे एका तारखेला पहिला उत्पादक पांढरा, दुसऱ्या तारखेला हिरवा. हेही लिहून कळवलंय. नूतनीकरण जूनमध्ये आहे, १८०० पुन्हा भरणार, वरचा प्लॅन घेणार नाही. तोवर दहा दिवसांची यादी वाचताना मी पडद्यावर, ओळीच्या खाली, स्टीलची पट्टी आडवी धरतो. आक्कांचं कार्ड मात्र त्यांच्यासमोरच भरतो, आकडा मोठ्यानं वाचून.