रायझन ५६००जी, आरएक्स ६६०० अन् काळ्या मातीतलं अर्थिंग : वर्षभर वापरल्यानंतर

वर्षभर रेकॉर्डिंग अन् गेमसाठी वापरलेल्या माझ्या कॉम्प्युटरबद्दल हे लिहितोय, आधी स्पेक्स पटकन सांगून टाकतो. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन ३२०० वाल्या रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (पॉवर सप्लाय), नंतर टाकलेलं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, अन् बाहेरून दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा. मॉनिटर घरचाच जुना. सगळं धरून सत्तर हजाराच्या आत बसलं. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, काम म्हणजे भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, लग्नसराईत डीजेवाल्यांचे ट्रॅक, अन् रात्री गेम.

५६००जी काहून घेतला असं लय जण विचारतात, कारण साधा ५६०० गेममध्ये पुढे आहे, त्याला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी अन् याला १६, शिवाय जी वाला कार्डाच्या जोडणीत जुन्या पीसीआयई ३.० वरच थांबतो अन् आरएक्स ६६०० ला मुळात आठच लेन (डेटा जायच्या वाटा), म्हणजे थोडा परफॉर्मन्स तिथंही जातो. सगळं खरं आहे. पण साध्या ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्सच नाही, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येत नाही, अन् माझ्याकडे कार्डाचे पैसे कापूस विकल्यावरच येणार होते. तोवर भजनाचं काम थांबवायचं काय? ज्याचे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात त्यानं जी घ्यावा हे माझं आजही ठाम मत आहे. फक्त रॅम दोन काड्यांचीच घ्या, एकच १६ ची घेतली तर आतलं ग्राफिक्स अर्ध्या दमानं चालते. व्हॅलोरंट मस्त चाललं, जीटीए ५ सेटिंग उतरवून चाललं.

म्युझिकमध्ये प्रोसेसरनं एकदाही तक्रार करू दिली नाही. एका ट्रॅकवर प्लगइनची (आवाजावर इफेक्ट देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) लांब साखळी लावली की ती साधारण एकाच कोरवर चालते, म्हणून सहा कोर आहेत म्हणून सगळं एकाच ट्रॅकवर लादू नका. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो, ६० दिवस पूर्ण फुकट अन् छोट्या वापराचं लायसन्स ६० डॉलरला, या भावात दुसरं काही बघायची गरजच नाही. ४८ हजारच्या सँपल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बफर २५६ नमुन्यांचा ठेवला तर एका बाजूचा उशीर साडेपाच मिलिसेकंदाच्याही खाली राहतो, अन् गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज तेवढाही उशिरा नको असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहेच. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद करा, अधूनमधून येणारे टकटक अर्धे तिथंच संपतात.

दिवाळीत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं रेकॉर्ड केली, खंजिरीचा ठोका लय तीक्ष्ण असतो, गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) दहा-बारा डीबी खाली ठेवला तरच आवाज क्लिप होत नाही, म्हणजे फाटत नाही, पण मागे आवाज एकदम स्वच्छ. जानेवारीत कापूस विकला, कार्ड आलं, १०८० पीमध्ये गेम दुसऱ्याच जगातले वाटायला लागले. फक्त स्पीकरमधून बारीक किरकिर सुरू झाली, माउस हलवला की तिचा सूर बदलायचा, गेम चालू केला की वाढायची. तेवढं सहन केलं.

अन् मार्चच्या शेवटी खरा त्रास सुरू झाला. रेकॉर्डिंगच्या मागे जाडा घुंऽऽऽ असा आवाज, तोही कधी आहे कधी नाही. मग एक दिवस मंडळाचे म्होरके, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो, गाता गाता माईकजवळ आले अन् ओठ लागताच मागे सरकले. म्हणे, "अरे बापू, हा माईक तं चावते लेका." सत्तरीच्या माणसाला माझ्या खोलीत करंट लागला, मला त्या रात्री झोप आली नाही.

इंटरफेस वॉरंटीत होता, नागपूरला सर्व्हिस सेंटरला पाठवला. दोन आठवडे बसवून ठेवला अन् "काही दोष आढळला नाही" असा कागद लावून परत. फोन केला तर घरचं अर्थिंग तपासा एवढंही कोणी बोललं नाही. त्याच्यापेक्षा राग आला तो ज्याच्याकडून मशीन असेंबल केली त्या दुकानदाराचा. म्हणे, "भाऊ, प्लगची ती वरची मोठी पिन कापून टाका, आवाज जाते." होय, काही वेळा आवाज जातोही, कारण कॉम्प्युटर अन् स्पीकरच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वेटोळं तुटते. पण उद्या एसएमपीएसमध्ये फेज बॉडीला टेकला तर तो करंट जाईल कुठं? माईक धरलेल्या माणसातून. असा सल्ला देणाऱ्या दुकानातून मी पेनड्राइव्हही घेणार नाही.

शेवटी गावातल्या वायरमन काकांना बोलावलं, अन् इथं माझं मशीनबद्दलचं मतच फिरलं. काकांनी मल्टिमीटर न्यूट्रल अन् अर्थिंगमध्ये लावला, साठच्या आसपास व्होल्ट. तिथं दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको. मग काका म्हणाले कूलर बंद कर. बंद केला, आकडा खाली. परत चालू, परत साठ. फेज अन् अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर शंभरचा बल्ब मळकट पेटला, पूर्ण उजेड नाहीच. दोष कार्डाचा नाही, इंटरफेसचा नाही, मदरबोर्डचा नाही, कूलरचा!

झालं असं की आपल्याकडे मार्च संपता संपता माळ्यावरचा कूलर खाली येतो. लोखंडी बॉडी, ओली मोटर, पाण्यातला पंप, थोडा करंट बॉडीत उतरतोच. तो अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जायला पाहिजे. पण त्याच दिवसांत काळी माती वाळते, हातभर भेगा पडतात, अन् मीटरजवळ ठोकलेल्या सळईपासून माती अक्षरशः सुटते. मग करंटला जमिनीत जायची वाटच राहत नाही, तो घरभर सगळ्या तिसऱ्या पिनांवर चढतो, तिथून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर, यूएसबीच्या वायरनं इंटरफेसवर, अन् शेवटी माईकच्या जाळीवर. पावसाळ्यात कूलर माळ्यावर अन् माती ओली, म्हणून तेव्हा सगळं स्वच्छ होतं. कूलरला हात लागला की झिणझिण होते हे आपण लहानपणापासून "चालतेच" म्हणून सोडून देतो, अन् दर उन्हाळ्यात कुठल्यातरी गावात कूलरच्या करंटनं माणूस जातो. हे चालू द्यायचं नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

अंगणात नवीन खड्डा केला. जीआय पाइप अडीच मीटरपेक्षा कमी नको, आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातही तेच आहे, भोवती कोळसा अन् मिठाचे थर, वर पाणी टाकायला तोंड. कूलरचा पंप बदलला, मोटर दुरुस्त केली, अन् मेनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप पडते. खड्डा, मजुरी अन् आरसीसीबी मिळून पाच हजाराच्या आत झालं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या चौथ्या हिश्श्याएवढंही नाही. आरसीसीबी बसवायच्या आधीच टेस्ट लॅम्प लावून पाहिला, पूर्ण उजेडानं पेटला. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, कूलर चालू ठेवून न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा दोनच्या खाली. घुंऽऽऽ पूर्ण बंद. गुरुजींनी स्वतः माईक हातात धरून पाहिला. काही गावांत न्यूट्रलचाच तुकडा तिसऱ्या पिनला जोडून "अर्थिंग झालं" म्हणतात, ते चुकूनही करू देऊ नका, मागे कुठं न्यूट्रल तुटला की सगळी बॉडी फेजवर येते.

कार्डाची ती बारीक किरकिर मात्र अर्थिंगनं गेली नाही. ती गेली इंटरफेस अन् स्पीकरमध्ये बॅलन्स्ड टीआरएस केबल (वाटेत शिरलेली गडबड कापणारी) लावल्यावर, अन् स्पीकर, कॉम्प्युटर सगळं एकाच स्विचबोर्डवरून घेतल्यावर. यूएसबी आयसोलेटर (कॉम्प्युटर अन् इंटरफेसमधला विजेचा थेट जोड तोडणारा डबा) घ्यायचा विचार होता, पण स्वस्तातले १२ एमबीपीएसवर चालतात, त्याच्यावर ४८० एमबीपीएसवाले इंटरफेस चालत नाहीत, म्हणून पैसे वाचवले.

बाकी पटापट. एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवाला अन् ॲक्टिव्ह पीएफसीचाच घ्या, म्हणजे कमी व्होल्टेजवरही चालणारा, रब्बीत मोटारी चालू झाल्या की इकडं व्होल्टेज पार खाली जाते, तरी माझी मशीन बंद पडली नाही. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नाही, साधारण ३६० वॅट, ६६०० ला पुरते पण त्याच्या वरच्या कार्डाला विचार करून घ्या. टिनाच्या खोलीत दुपारी गेम खेळू नका, पंखे एवढे ओरडतात की आवाजही नको वाटते. खोलीतच कूलर चालू असला तर त्याच्या घरघरीत रेकॉर्डिंग होतच नाही, उन्हाळ्यात आमचं काम रात्री अकरानंतरच.

आता मार्क द्यायचे तर प्रोसेसरला पाच, कार्डाला साडेचार, इंटरफेसला पाच, सर्व्हिस सेंटरला शून्य. खड्ड्यात उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी टाकतो. ज्यांचं घर काळ्या मातीत आहे त्यांनी कूलर चालू करून वायरमनकडून न्यूट्रल-अर्थिंगचं व्होल्टेज मोजून घ्या अन् गावाच्या नावासकट आकडा खाली टाका, एप्रिलचा वेगळा अन् ऑगस्टचा वेगळा.