धरणावरची ट्रायथलॉन: पाण्यात चोख, रस्त्यावर ढिसाळ

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धरणाच्या जलाशयावर पाऊस सरला की ही ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन होते: १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं. पहिल्या पन्नासांत येणारे तिच्यावर खूश असतात. शेवटच्या पन्नासांना विचारलं तर वेगळंच ऐकायला मिळतं, आणि आयोजन किती पाण्यात आहे ते त्यांच्याकडूनच कळतं.

सगळ्यात अवघड काम पाण्यातलं, आणि तेच इथे सगळ्यात नीट होतं. ७५० मीटरच्या त्रिकोणाच्या दोन फेऱ्या, साधारण शंभर मीटरला एक कयाक (वल्ह्याची छोटी होडी), शिवाय दोरी टाकायला तयार असलेली मोटरबोट. दमलेल्याने कयाक धरून श्वास घ्यायला हरकत नाही, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही, हा नियम आदल्या दिवशी मराठीत समजावून सांगतात. बाहेर पडायच्या उतारावर शेवाळ असतं, म्हणून तिथे काथ्याची चटई अंथरलेली असते. किरकोळ वाटेल, पण वीस मिनिटांहून जास्त वेळ आडवं पोहून एकदम उभं राहिलं की तोल जातो, आणि पाय नेमका तिथेच घसरतो.

खोट बोयांत, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांत, आहे. एकाच दोरीला एकच वजन, त्यामुळे वारा सुटला की बोया सरकतो आणि मागच्यांना जास्त पोहावं लागतं. दोन वजनं व्हीच्या आकारात बांधली तर तो जागचा हलत नाही. दुसरं म्हणजे पहिला टप्पा थेट पूर्वेला. उगवतीचं ऊन डोळ्यांवर, त्यात नारंगी बोया, दिसणार कसा? फेरी उलट फिरवली तरी भागेल. तोवर गडद काचेचा गॉगल लावा.

कटऑफचा, म्हणजे टप्पा संपवायच्या वेळमर्यादेचा, हिशोब मात्र सरळ सरळ अन्यायाचा आहे. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चार तुकड्या सोडतात, नवख्यांची सगळ्यात शेवटी. ते ठीकच. पण पोहण्याचा एक तास मोजतात तो पहिल्या तुकडीच्या भोंग्यापासून. म्हणजे ज्यांना वेळ सगळ्यात जास्त हवा त्यांच्या वाट्याला पाऊण तास. प्रत्येकाच्या पायात वेळ नोंदवणारी चिप असताना याला काही कारण उरत नाही.

सायकल आदल्या दुपारीच रॅकवर लावावी लागते. तपासणी खरीखुरी होते: दोन्ही ब्रेक दाबून बघतात, हँडलच्या टोकांना बुचं नसतील तर परत पाठवतात, हेल्मेटचा पट्टा ओढून बघतात. पण रॅक उघड्यावर. ट्यूबमध्ये ठासून हवा भरलेली असेल तर उन्हात फुटायची भीती, म्हणून हवेचा दाब पंधरा-वीस पीएसआय उतरवून ठेवा आणि पहाटे भरा. पंप मिळतो, पण प्रेस्टा (रोड बाइकच्या ट्यूबच्या बारीक) व्हॉल्व्हला बसणाऱ्या तोंडासाठी रांग लागते. त्याचं छोटंसं अ‍ॅडॉप्टर खिशात असू द्या. रॅकवरच्या जागा रोड बाइकच्या मापाने आखल्यात, शेजारी रुंद हँडलची एमटीबी (माउंटन बाइक) आली की दोन्ही सायकली एकमेकींत अडकतात. सायकलवर जिथून बसायचं ती रेघ चुन्याची, तीही ओल्या पायांनी पुसून जाते.

सायकलचा रस्ता म्हणजे दहा किमीच्या चार फेऱ्या. गतिरोधक रंगवलेले, प्रत्येकापाशी शिट्टी घेतलेला पोरगा, हे उत्तम. लांबच्या यू-टर्नवर मात्र खडी झाडलेली नसते आणि चिपची नोंद घेणारी टायमिंग मॅटही नसते. मॅट नाही म्हणजे कोणी अलीकडून वळला तरी नोंद नाही, आणि प्रामाणिक माणूसही दमल्यावर फेरी मोजायला चुकतो. वळणावर दर फेरीला एक रंगीत रबरबँड हातात दिला तर प्रश्न मिटतो. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवू नये म्हणून त्याच्यापासून दहा मीटर अंतर ठेवायचा नियम कागदावरच, कारण मोटरसायकलवर पंच नाहीत. तिसऱ्या फेरीपर्यंत घोळके बिनदिक्कत पळतात. त्यातच गळीत हंगाम सुरू झालेला असला तर उसाच्या ट्रॉल्या. पोलीस अडवतात, पण नऊनंतर गावकऱ्यांचाही धीर सुटतो, आणि तेव्हा रस्त्यावर असतात ते मागचेच.

धावण्याच्या वाटेवर सावली नाही, आणि पाणी संपतं. का संपतं ते साध्या गणितातून दिसतं. अडीच किमी जाऊन परत, अशा दोन फेऱ्या; मधलं पाण्याचं टेबल चारदा लागतं, वळणावरचं दोनदा. दर वेळी एक ग्लास पोटात आणि एक डोक्यावर, दीडशे मिलीचा ग्लास धरला तर माणशी १.८ लिटर. अडीचशे स्पर्धकांना ४५० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तेवीस जार. इथे डोक्यावरचा ग्लास हिशोबात धरलेलाच नसतो. केळ्याचे काप भरपूर, पण मीठ नाही. ओआरएसची दोन पाकिटं स्वतः बाळगा.

नाश्त्याला तर्रीदार मिसळ. तीन तास उन्हात तापलेल्या पोटावर तर्री ओतायला छाती लागते. दहीभात ठेवला असता तर दुवा मिळाला असता. तसाही शेवटच्यांच्या हाती नुसता पाव येतो.

निकाल चोख असतो. दोन्ही ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जायच्या, वेळा वेगळ्या दाखवतात, वयोगट बरोबर. गोव्याच्या आयर्नमन ७०.३ या लांब ट्रायथलॉनची (१.९, ९० आणि २१.१ किमी) तालीम म्हणून येणाऱ्यांना उन्हाची आणि ट्रान्झिशनची सवय होईल, तिथल्या मिरामार किनाऱ्याच्या लाटांची मात्र नाही, त्यासाठी समुद्रावरच जावं लागेल. पहिलीच ट्रायथलॉन असेल तर इथली स्प्रिंट घ्या. अंतर निम्मं असल्यामुळे पाण्याचे जार रिकामे व्हायच्या आत ती संपते.