मोठ्या आवाजामागे लपवलेली गिटार

घरी बसून वाजवण्यासाठी एक इलेक्ट्रिक गिटार आणि सरावापुरता, तिचा आवाज मोठा करणारा एक अ‍ॅम्प घ्यावा, एवढाच माझा हेतू होता. तीन वर्षे अकूस्टिक गिटारवर काढल्यानंतर हमबकरचा, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपचा, भरीव सूर मला खुणावत होता. नव्या उत्तम वाद्याला लागणारे पैसे जवळ नसल्यामुळे मी वापरलेले वाद्य शोधू लागलो. त्या शोधात मी पूर्णपणे फसलो. गिब्सन या नामांकित कंपनीची लेस पॉल म्हणून घेतलेली गिटार नकली निघाली. तिच्या जोडीला शंभर वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प म्हणून गळ्यात पडलेली पेटी व्हॉल्व्हवर चालणारी नव्हती आणि शंभर वॉटचीही नव्हती. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. मात्र त्याने हे कसे साधले ते तपशिलाने लिहितो, कारण तीच पद्धत उद्या दुसऱ्या कोणावर वापरली जाईल असे मला मनापासून वाटते.

जाहिरात साधीच होती. १९९६ सालची लेस पॉल स्टँडर्ड आणि अ‍ॅम्प एकत्रच द्यायचे आहेत, मालक परदेशी जात आहे, बघायला या, असा मजकूर होता. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, आणि आज मला तीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते. अगदी स्वस्त असती तर मी सावध झालो असतो. ती चालू दरापेक्षा थोडी कमी होती, म्हणजे घाईत असलेला माणूस जेवढे सोडून देईल तेवढीच कमी.

मी पोहोचलो तेव्हा अ‍ॅम्प आधीच चालू होता, गिटार जोडलेली होती आणि सुरात लावलेली होती. पुढच्या जाळीमागे एक व्हॉल्व्ह नारिंगी उजेडात चमकत होता. विक्रेत्याने गेन (सुरात फाटलेपणा आणणारा जोर) बराच वाढवून आणि आवाज खोली भरून जाईल इतका ठेवून काही ओळी वाजवल्या. तो चांगला वाजवत होता. नंतर त्याने गिटार माझ्या हाती दिली, पण अ‍ॅम्पच्या खटक्यांना मला हात लावू दिला नाही. व्हॉल्व्ह तापलेला असताना बटणे फिरवू नयेत, असे कारण त्याने सांगितले. ते कारण पूर्णपणे खोटे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी त्याच आवाजात दोन-तीन कॉर्ड वाजवल्या आणि भारावून गेलो.

त्या मोठ्या आवाजाबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळी फसवणूक त्याच्या आधारावर उभी होती. माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्ज आणि अतितार स्वर मध्य स्वरांपेक्षा कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते अंतर कमी होत जाते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजमापांनिशी दाखवून दिले होते. त्यामुळे कोणतेही वाद्य मोठ्याने वाजवले की अधिक भरदार वाटते, मग ते सामान्य का असेना. त्यात डिस्टॉर्शनची, म्हणजे गेन वाढवल्याने सूर फाटण्याची, भर पडली की ध्वनिलहरींची टोके कापली जातात, हळू सूर वर येतो, जोरदार सूर दबतो आणि सगळे एका पातळीवर येते. एखादा फ्रेट (तारा दाबण्याच्या जागेवरची धातूची आडवी पट्टी) झिजलेला असल्यामुळे मध्येच मरून जाणारा सूर, नेक (गिटारची मान) नीट लावलेली नसल्यामुळे येणारी खरखर, पिकअपचा कोरडेपणा, हे सारे त्या पडद्याआड जाते. घरी मात्र आपण दिवसातला बराच वेळ हळू आवाजात आणि स्वच्छ सुरात वाजवतो. म्हणजे वाद्य ज्या स्थितीत मी रोज ऐकणार होतो, ती सोडून बाकीच्या सगळ्या स्थितींत मला ते ऐकवण्यात आले.

मी अनुक्रमांक विचारला तेव्हा त्याने हेडस्टॉकची (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकाची) मागची बाजू दाखवली आणि फार आत्मविश्वासाने तो उलगडून सांगितला. १९७७ पासून पुढे बरीच वर्षे गिब्सनच्या गिटारवर आठ अंक असत. त्यांतला पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते, दुसरा ते चौथा अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात आणि शेवटचे तीन अंक त्या दिवसाचा क्रम दाखवतात. त्याने सांगितलेले सर्व खरे होते आणि अंकही बरोबर जुळत होते. परंतु ज्याला ही रीत ठाऊक आहे, त्याला जुळणारा क्रमांक तयार करायला क्षणभरही लागत नाही, किंवा एखाद्या खऱ्या गिटारच्या छायाचित्रावरून तो उचलताही येतो. क्रमांक चुकीचा असेल तर वाद्य नकली असण्याचा दाट संशय घ्यावा, पण क्रमांक बरोबर असल्याने वाद्य खरे ठरत नाही. हा फरक मला त्या वेळी कळला नाही. संध्याकाळी आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे असे त्याने दोनदा सांगितले, आणि मी पावती न घेता रोख पैसे देऊन टाकले.

घरी आल्यावर पहिली शंका अ‍ॅम्पने निर्माण केली. मी खटका दाबला आणि सेकंदाच्या आत आवाज आला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तापणारी तार आधी लाल व्हावी लागते, आणि आवाज यायला साधारण १५ ते ३० सेकंद जातात. हे मी कुठेतरी वाचले होते आणि ते नेमके तेव्हा आठवले. विक्रेत्याने मी येण्यापूर्वीच अ‍ॅम्प चालू करून ठेवण्याचे कारणही त्याच क्षणी समजले. मग मी गेन कमी केला, आवाज घरात शोभेल इतका खाली आणला आणि स्वच्छ सुरात वाजवून पाहिले. बाराव्या फ्रेटच्या पुढे दोन तारांवर सूर लगेच विझत होते आणि खालच्या तारा खरखरत होत्या. तार ओढून सोडली की ती प्रत्येक वेळी थोडी बेसूर होत होती. दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला फोन केला. तो क्रमांक बंद होता आणि नंतरही कधी लागला नाही.

गिटार-दुरुस्ती करणाऱ्या एका अनुभवी कारागिरांकडे मी दोन्ही वस्तू नेल्या. त्यांनी गिटार अ‍ॅम्पला जोडलीच नाही. आधी ती तशीच मांडीवर घेऊन प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवली, मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळतो का ते ऐकले. त्यानंतर त्यांनी हेडस्टॉकवरचे ट्रस रॉडचे (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचे) झाकण काढले. ते दोनऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेले होते, आणि ते पाहूनच त्यांनी मान हलवली. आत अ‍ॅलन कीने फिरवायचा षट्कोनी खळगा होता. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये तेथे बाहेरून पाना लावून फिरवायची ५/१६ इंची पितळी चाकी असते. हे झाकण काढायला मला एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि अर्धे मिनिट पुरले असते. विक्रेत्याला परवानगी विचारली असती आणि त्याने नकार दिला असता, तर तो नकारही मला पुरेसा होता.

पुढचे सारे त्याच ओळीत निघाले. १९९६ च्या लेस पॉल स्टँडर्डमध्ये फिंगरबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) कडेची पांढरी पट्टी प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी थोडी वर येऊन ते टोक झाकते. माझ्या गिटारमध्ये फ्रेट थेट पट्टीवरून बाहेरपर्यंत गेलेले होते. फ्रेट बदललेल्या खऱ्या गिटारमध्येही असे दिसू शकते, म्हणून केवळ यावरून निष्कर्ष काढू नये, असे कारागिरांनी आवर्जून सांगितले. परंतु मागचे झाकण उघडल्यावर शंकेला जागा उरली नाही. आतले पॉट (आवाजाची बटणे ज्यांवर फिरतात ते भाग) मोठ्या, २४ मिलिमीटर व्यासाच्या प्रकारातले असायला हवे होते, तेथे लहान १६ मिलिमीटरचे स्वस्त पॉट होते. पिकअपखालच्या खाचेत डोकावल्यावर महॉगनीवर बसवलेला जाड मेपलचा थर दिसायला हवा होता, तेथे एकाच फिकट लाकडावर कागदासारखे पातळ पापुद्रे चिकटवलेले होते. वरचे लुकण काचेसारखे कडक आणि जाड होते. गिब्सन वापरते ते नायट्रोसेल्युलोज लॅकर पंचवीसेक वर्षांत पिवळसर पडते आणि हातांच्या जागी झिजते. अनुक्रमांकही रंग दिल्यानंतर कोरलेला होता, कारण अंकांच्या कडांशी लुकणाचे टवके उडालेले होते.

मग त्यांनी अ‍ॅम्प हाती घेतला. तो बंद करून, वायर काढून त्यांनी मागची फळी उघडली. खरोखरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो, म्हणून हे काम मी घरी केले नाही आणि इतर कोणीही करू नये. आत एकच छोटा १२एएक्स७ व्हॉल्व्ह होता आणि त्याच्या मागे नारिंगी एलईडी बसवलेला होता. मला भुरळ घालणारा तो उजेड त्या एलईडीचा होता. त्यांनी व्हॉल्व्ह उपसून टेबलावर ठेवला आणि अ‍ॅम्प पुन्हा चालू केला, तेव्हा आवाज अगदी पूर्वीसारखाच आला. व्हॉल्व्ह आवाजाच्या मार्गात नव्हताच. शंभर वॉटचा खरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प म्हटला की साधारणपणे ईएल३४ किंवा ६एल६ जातीचे चार मोठे पॉवर व्हॉल्व्ह आणि दोन हातांनी उचलावे लागतील असे ट्रान्सफॉर्मर त्यात असतात. मी ती पेटी एका हाताने घरी आणली होती, आणि तेव्हाच मला थांबायला हवे होते.

शंभर वॉटचा आकडा कोठून आला तेही उलगडले. मागच्या बाजूला वीजजोडणीच्या खाचेशेजारी शंभर वॉट असे खरोखरच छापलेले होते, पण तो अ‍ॅम्प किती वीज खातो त्याचा आकडा होता. स्पीकरला किती शक्ती मिळते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कारागिरांनी स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रोध जोडून, लहर वेडीवाकडी होण्यापूर्वी जास्तीत जास्त किती व्होल्ट मिळतात ते मोजले. ते ११ व्होल्ट भरले, म्हणजे ११ चा वर्ग भागिले ८, सुमारे १५ वॉट.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. १५ वॉट घरासाठी पुरेसे आहेत, किंबहुना जास्तच आहेत. शक्ती दहापट केली तर आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा दहापट नव्हे, दुप्पटच मोठा वाटतो. व्हॉल्व्हचा तर ५ वॉटचा अ‍ॅम्पही पूर्ण उघडला की शेजारच्या खोलीत बोलणे अवघड होते. घरच्या सरावासाठी मला हवे होते ते हळू आवाजातही सुराची जात टिकवणारे मास्टर व्हॉल्यूम, हेडफोनची खाच आणि एक प्रामाणिक ८ इंची स्पीकर. शंभर हा आकडा ऐकून मी या गरजा विचारायचेच विसरलो. गिटारबाबतही तसेच घडले. गिब्सनच्याच मालकीची एपिफोन रीतसर लेस पॉल बनवते, फेंडरची स्क्वायर स्ट्रॅटोकास्टर बनवते, आणि नीट तपासून घेतलेले त्यांतले एखादे वाद्य घरी वर्षानुवर्षे आनंद देते. मी हेडस्टॉकवरच्या नावाचे पैसे दिले आणि ते नावही खोटे होते.

तक्रार मी नोंदवली आहे. पावती नाही, खाते नाही, बंद पडलेला एक फोन क्रमांक आणि जाहिरातीची छायाचित्रे एवढाच पुरावा माझ्याकडे होता. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

आता दुसरे वाद्य बघायला जाताना मी अ‍ॅम्प आधीपासून बंद ठेवायला सांगतो आणि तो माझ्यासमोर चालू करायला लावतो. गिटार आधी न जोडता, शांत खोलीत, प्रत्येक फ्रेटवर ऐकतो. जोडल्यावर गेन शून्याजवळ ठेवून, घरी वाजवीन तितक्याच हळू आवाजात बराच वेळ वाजवतो. लेस पॉलसारख्या गिटारमध्ये हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि पडल्यावर तो नटच्या (तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) मागे तडकतो, म्हणून त्या जागेवर अंगठा फिरवून पाहतो आणि गडद रंगाचा ताजा हात दिसला तर त्याबद्दल विचारतो. सोबत वाद्य जाणणारा एक माणूस नेतो, कारण वाजवण्याच्या आनंदात माझे कान माझ्या बाजूने राहत नाहीत, हे मला एकदा कळले आहे.

त्या नकली गिटारचे काय करायचे हा प्रश्न बरेच दिवस राहिला. एका परिचिताने ती तशीच पुढे विकून निदान अर्धे पैसे सोडवण्याचा सल्ला दिला आणि तो मला मान्य झाला नाही. मी पॉलिश पेपरने हेडस्टॉकवरचे नाव आणि मागचा क्रमांक घासून काढले, नेकच्या खाचेत न पुसणाऱ्या शाईने ही गिटार नकली आहे असे लिहिले आणि ती त्या कारागिरांना देऊन टाकली. त्यांच्याकडे काम शिकणारी मुले तिच्यावर फ्रेट काढण्याचा आणि बसवण्याचा सराव करतात.