'अ‍ॅक्ट अवेअरनेस' ऑनलाइन अभ्यासक्रम: मंडळासाठी उत्तम, घरासाठी अपुरा

ब्रिटनच्या दहशतवादविरोधी पोलीस यंत्रणेचा 'अ‍ॅक्ट अवेअरनेस' हा अभ्यासक्रम 'प्रोटेक्ट यूके' या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. दुकाने, नाट्यगृहे, क्रीडासंकुले अशा गर्दीच्या ठिकाणी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तो २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढे सर्वांसाठी खुला करण्यात आला. साधारण पाऊण तासात तो पूर्ण होतो. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाची व्यवस्था पाहणाऱ्या सर्वांनी तो करावा असे ठरले, तेव्हा मी तो दोन नात्यांनी पाहिला: सभागृहाच्या दारात उभे राहणाऱ्या स्वयंसेवकाच्या, आणि ज्या घरात शाळकरी मुले व भारतातून आलेले वृद्ध आईवडील आहेत अशा घरातील माणसाच्या. पहिल्या नात्याने माझे पूर्ण समाधान झाले. दुसऱ्या नात्याने मात्र बरेच काही आपले आपणच जोडून घ्यावे लागते, आणि ते काय, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

मंडळांनी हा विषय आता मनावर घेण्यास एक ठोस कारण आहे. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टर अरीनामध्ये संगीताचा कार्यक्रम संपता संपता झालेल्या आत्मघाती स्फोटात २२ जणांचा बळी गेला. त्यांपैकी मार्टिन हेट या तरुणाच्या आई फिगेन मरे यांनी अनेक वर्षे केलेल्या पाठपुराव्यातून एक कायदा झाला. तो 'मार्टिनचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला राजसंमती मिळाली. ज्या वास्तूंमध्ये एका वेळी २०० किंवा त्याहून अधिक माणसे जमण्याची शक्यता असते, त्यांच्या चालकांनी लोकांना बाहेर काढणे, आत सुरक्षित जागी नेणे, दारे बंद करणे आणि सूचना देणे या चार बाबींची कार्यपद्धती तयार ठेवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. तयारीसाठी किमान २४ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. कायद्याची जबाबदारी वास्तू चालवणाऱ्यावर असली, तरी आरतीच्या वेळी तिथे माणसे आपलीच असतात आणि दारातले स्वयंसेवकही आपलेच असतात. त्यामुळे सभागृह भाड्याने घेतले आहे एवढ्यावर मंडळाने मोकळे होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यासक्रमाचा सर्वांत उपयुक्त भाग बेवारस वस्तूंविषयीचा आहे. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का, तिच्यात उघड संशयास्पद असे काही दिसते का (बाहेर आलेल्या तारा, बॅटरी, द्रव पदार्थ), आणि त्या जागी ती नेहमी दिसण्यासारखी आहे का, असे तीन प्रश्न स्वतःला विचारण्यास शिकवले जाते. आमच्या उत्सवात कोपऱ्यात ठेवलेल्या पिशव्यांना तोटा नसतो: नारळ, पूजेचे साहित्य, मुलांच्या नाचाचे कपडे, प्रसादाचे डबे. अशा ठिकाणी प्रत्येक पिशवीपाशी घाबरून गेल्यास कार्यक्रमच होणार नाही, आणि कोणत्याच पिशवीकडे न पाहण्याची सवय लागली तर ती अधिक घातक ठरेल. हे तीन प्रश्न या दोहोंमधला शहाणा मार्ग दाखवतात. तरीही संशय उरलाच, तर वस्तूला हात न लावता माणसे दूर नेणे, पोलिसांना कळवणे आणि कोणालाही त्या जागेकडे फिरकू न देणे हा क्रम आहे. लहान पिशवीसाठी किमान १०० मीटर, मोठी सुटकेस किंवा मोटारगाडी असल्यास २०० मीटर आणि मोठे वाहन असल्यास ४०० मीटर, ही अंतरे येथील पोलीस सांगतात. वस्तूपासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये, हेही त्यात आहे. आम्ही या सूचनांनंतर एक साधा नियम केला: सामान ठेवण्याची जागा एकच, पिशवीवर कुटुंबाचे नाव, आणि त्या जागेपाशी कायम एक स्वयंसेवक. नाव नसलेली पिशवी भलत्याच कोपऱ्यात दिसली, तर ती आता चटकन लक्षात येते.

संशयास्पद वर्तनाविषयीच्या भागाकडे मी अधिक बारकाईने पाहिले. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ जण मारले गेले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी दहशतवादी समजून ज्याला गोळ्या घातल्या, तो जां शार्ल द मेनेझेस हा निरपराध ब्राझिलियन तरुण होता. सावळ्या वर्णाच्या आपल्यासारख्या लोकांना त्या दिवसांतील नजरा विसरता येत नाहीत. म्हणून हा अभ्यासक्रम माणसाच्या दिसण्यावर नव्हे, तर वागण्यावर लक्ष देण्यास सांगतो, याला मी मोठे मोल देतो: प्रवेशद्वारांची आणि कॅमेऱ्यांची छायाचित्रे विनाकारण काढणे, सुरक्षेविषयी खोदून विचारणे, तिथे येण्याचे कारण सांगता न येणे. अशा वेळी जवळ जाऊन 'काही मदत हवी आहे का?' असे सौजन्याने विचारणे, ही दारातल्या स्वयंसेवकाची पहिली कृती असावी. पाहुण्याला त्यात आपुलकी वाटते, आणि वाईट हेतूने आलेल्याला आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे कळते.

प्रत्यक्ष हल्ला झाल्यास काय करायचे, याचे उत्तर ब्रिटनमध्ये तीन शब्दांत दिले जाते: पळा, लपा, कळवा. सुरक्षित वाट असेल तर सामान टाकून पळायचे. वाट नसेल तर दार अडवून लपायचे आणि फोनचा आवाज व थरथर दोन्ही बंद करायचे. मग शक्य होताच ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे. सशस्त्र पोलीस आले की हात त्यांना दिसतील असे ठेवायचे आणि अचानक हालचाल करायची नाही, कारण हल्लेखोर कोण हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नसते. बोलणे धोक्याचे असल्यास मोबाइलवरून ९९९ लावून सूचना ऐकू येताच ५५ दाबावे, आणि ९९९ ला मजकूर पाठवण्याची सोय हवी असल्यास तिची नोंदणी आधीच करून ठेवावी. ही दोन कामे प्रत्येक घराने आजच समजून घ्यावीत.

पण गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजीने कसे पळायचे? रंगमंचामागे वेशभूषा करत असलेल्या मुलाला घेण्यासाठी आई धावत आत गेली तर? कुटुंब एकमेकांना सोडून पळत नाही, हे गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे, आणि नोकरदार माणसासाठी लिहिलेला हा अभ्यासक्रम त्या बाबतीत तोकडा पडतो. आमच्या घरी आम्ही ठरवले आहे की गर्दीच्या ठिकाणी आजी-आजोबांची जागा दाराजवळ असेल, प्रत्येक मुलाची जबाबदारी एका मोठ्या माणसाकडे असेल, रंगमंचामागची मुले तिथल्या ताईचे ऐकतील आणि आईवडील त्यांना शोधत उलट फिरणार नाहीत. फोनचेही ठरले आहे. बातमी दिसताच पुण्या-नागपुराहून सगळे एकाच वेळी फोन करतात, आणि लपलेल्या माणसाच्या हातात वाजणारा फोन त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून भारतात एका मावशीची नेमणूक केली आहे. आम्ही फक्त तिला संदेश पाठवायचा आणि बाकीच्यांनी तिलाच विचारायचे.

दुसरी उणीव जखमींच्या बाबतीत आहे. मँचेस्टरच्या घटनेची चौकशी करणारे सर जॉन सॉन्डर्स यांच्या अहवालात, जखम होणे आणि तज्ज्ञ मदत पोहोचणे यांच्यामधल्या वेळेवर नेमके बोट ठेवले आहे. त्या रात्री अग्निशमन दलाला घटनास्थळी पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. त्या मधल्या वेळेत जवळचा माणूसच रक्तस्राव थांबवू शकतो. जखमेवर जोराने दाब देणे, खोल जखमेत कापड ठासून भरणे आणि हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वरच्या बाजूला, सांधा टाळून, दाबपट्टा आवळून वेळ लिहून ठेवणे, हे हाताने करून पाहिल्याखेरीज येत नाही. त्यासाठी प्रथमोपचाराचा वर्ग वेगळा लावावा लागेल. 'सिटिझनएड' हे विनामूल्य अ‍ॅप तोवर बऱ्यापैकी आधार देते.

सूचना देण्याबाबत मात्र मराठी माणसाला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असताना उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिले, आणि त्यामुळे असंख्य लोक वाचले. आमच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हाती असतो, म्हणून निवेदकालाही हा अभ्यासक्रम करायला लावला आणि इंग्रजी न समजणाऱ्या ज्येष्ठांसाठी दोन छोटी मराठी वाक्ये त्याच्या कागदावर आधीच लिहून ठेवली.

मंडळांना माझी शिफारस अशी की हा अभ्यासक्रम घरोघरी एकेकट्याने उरकू नये. कार्यकारिणीने एखाद्या रविवारी त्याच सभागृहात मोठ्या पडद्यावर तो एकत्र पाहावा, प्रत्येक भागानंतर थांबून मराठीत चर्चा करावी आणि सगळी दारे स्वतः उघडून पाहावीत. आम्ही ती पाहिली तेव्हा स्वयंपाकघरामागचे दार खुर्च्यांच्या ढिगाने अडलेले आढळले. तो ढीग त्याच दुपारी हलवला.