लिव्हर आणि दारू, दोन्हीचे डॉक्टर एकाच ओपीडीत: आमचा अनुभव

दादाला दारूमुळे सिरोसिस झालाय, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालंय, हे कळल्यापासून आम्ही दोन दवाखाने धरून होतो, एक लिव्हरचा, एक व्यसनमुक्तीचा, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लिव्हरवाले सोनोग्राफी बघणार, 'दारू सोडा नाहीतर काही खरं नाही' म्हणणार आणि पुढचा पेशंट बोलावणार. अहो सुटत असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? व्यसनमुक्तीवाल्यांनी तर रिपोर्ट उघडून न बघता डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी) लिहून दिलं. ती गोळी स्वतःच लिव्हर बिघडवू शकते, सिरोसिसवाल्याला शक्यतो देतच नाहीत, हे आम्हाला या नवीन ठिकाणी कळलं.

इथे लिव्हरचे डॉक्टर आणि मानसोपचारवाले एकाच दिवशी, एकाच ओपीडीत बसतात, फाइल एकच. ऐकायला साधं वाटतं पण सगळा फरक तिथेच आहे. पहिल्या दिवशी WHO ची ती १० प्रश्नांची ऑडिट नावाची प्रश्नावली भरून घेतली, आणि मॅडमनी प्रश्न असे विचारले की दादाने आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. वहिनी तर बघतच राहिली. टोमणा नाही, उपदेश नाही. उलट 'घरच्या घरी एकदम बंद करू नका' असं सांगितलं, कारण रोज भरपूर पिणाऱ्याला बंद केल्यावर काही तासांतच थरथर सुरू होते, पुढच्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस जिवावर बेतण्याइतका बिघडू शकतो. म्हणून अॅडमिट केलं.

वॉर्डातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय. सिस्टर दर थोड्या वेळाने दादाला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला लावायच्या. बोटं बारीक थरथरली तर ते दारू तुटल्याचं, आणि पंजा मधूनच सैल पडून खाली झुकला तर लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होतोय असा संशय. दोन्हीत माणूस बडबडतो, गोंधळतो, पण उपचार उलटे, चुकून झोपेचं औषध जास्त गेलं तर दुसऱ्या प्रकारात पेशंट आणखी खाली जातो. रोज कागदावर सही पण करून घ्यायचे, आधीच्या दिवसाच्या सहीशेजारी, म्हणजे अक्षर बिघडलं तर मेंदूवरचा परिणाम लगेच कळतो. शांत करायला लोराझेपाम दिलं, तेही मोजून, कारण त्याच जातीचं नेहमीचं डायझेपाम लिव्हर खराब असेल तर अंगात साठून राहतं. आणि ग्लुकोज लावायच्या आधी थायामिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन. हे सगळं विचारल्यावर नीट समजावून सांगतात, हा मोठा प्लस.

नंतर ओढ कमी करायला बॅक्लोफेन, ५ मिलिग्रॅमपासून हळूहळू १० पर्यंत, दिवसातून तीनदा. सिरोसिसच्या पेशंटवर नीट अभ्यास झालेलं हे औषध आहे म्हणे, २००७ ला इटलीतल्या ८४ पेशंटवरचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात बॅक्लोफेनवाले ७१ टक्के दारूपासून लांब राहिले आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे २९ टक्के. पण झोप येते, त्यामुळे मेंदूवर परिणाम झालेल्यांना सहसा देत नाहीत. ओढ कमी करणाऱ्या अकॅम्प्रोसेट या दुसऱ्या औषधाचा पण विषय निघाला होता, ते लिव्हरमध्ये न मोडता किडनीवाटे बाहेर जातं म्हणून चांगलं, पण दादाचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती, मग राहिलं.

मधे दादा एकदा घसरला. रक्ताची पीईटीएच नावाची टेस्ट असते, साधारण दोन ते चार आठवड्यांतलं पिणं त्यात दिसतं, ती करणार हे त्याला आधीच सांगितलेलं, लपूनछपून नाही. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर ओरडले नाहीत, कधी, कुठे, कोणाबरोबर एवढं विचारून काउन्सेलिंगच्या तारखा जवळ आणल्या. आम्ही घरी ओरडलो ते वेगळं.

आता तक्रारी. वेटिंग भयंकर, अपॉइंटमेंटला अर्थ नाही. ग्रुप सेशन ऐन कामाच्या वेळेत, नोकरीवाल्याने काय करायचं? घरच्यांसाठीचं काउन्सेलिंग तर उरकल्यासारखं, वहिनीला बोलायचं होतं खूप, बोलूच दिलं नाही. डाएटचा कागद इतका पुसट झेरॉक्स की वाचता येत नाही, आणि तोच महत्त्वाचा होता, कारण आम्ही कोणाचं तरी ऐकून प्रोटीन तोडलं होतं आणि इथे सांगितलं प्रोटीन उलट वाढवा आणि झोपायच्या आधी थोडं खायला द्याच.

पाचपैकी चार देतो, एक वेटिंगचा आणि वहिनीचा कापला. जाणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं, काढे-पावडरी, दुखण्याच्या गोळ्या धरून, सगळं पिशवीत घालून न्या. दादाची पेनकिलर त्या पिशवीतच सापडली आणि तिथल्या तिथे बंद झाली.