चकचकीत की मळकी? जुनी बंदूक घेताना

जुनी ठासणीची बंदूक संग्रहासाठी घ्यायची ठरली की निवड बहुतेक दोन प्रकारांत येऊन अडकते. पहिली घासूनपुसून, हरवलेले भाग नवे बसवून, दस्त्याला पॉलिश मारून उभी केलेली. दुसरी वाड्याच्या माळ्यावरून उतरवली तशीच: नळी काळपट तपकिरी, दस्त्याला चीर, दारू ठासायचा गज गायब. भाव दोन्हींचे फार लांब नसतात, चकचकीत असेल तिचा थोडा चढा. पुढे तीन प्रकार येतील: तोड्याची बंदूक जळत्या वातीनं पेटते, चकमकीची गारेच्या ठिणगीनं, आणि टोपीची घोडा स्फोटक टोपीवर आपटून.

माझ्यासमोर या दोन्ही एकाच आठवड्यात आल्या होत्या. दोन्ही एन्फील्ड, म्हणजे इंग्रजी फौजेच्या टोपीच्या बंदुका, १८५३ च्या नमुन्याच्या, दोन्ही कायमच्या निकामी केलेल्या आणि कागदपत्रांसकट. एक तापीकाठच्या एका जुन्या घरातली, दुसरी एका व्यापाऱ्याकडची. मी मळकी घेतली. चकचकीत एका स्नेह्यांनी घेतली, ती अमळनेरला त्यांच्या बैठकीत आहे आणि माझं तिथं जाणंयेणं आहे. त्यामुळे दोन्ही हाताळायला मिळतात. तरी हे माझं मत म्हणूनच वाचा. माझ्या माहितीतले निम्मे हौशी लोक उलट सांगतील आणि त्यांचंही चुकीचं नसेल.

आधी चकचकीत बाजूचं बोलतो, कारण तिच्यावर टीका करणं फार सोपं झालंय. आपल्याकडे हत्यार चमकलंच पाहिजे, ही भावना आजची नाही. खंडेनवमीला हत्यारं उतरवायची, राख-लिंबानं घासायची, तेलाचा हात फिरवायचा, दसऱ्याला पुजायची. ज्या घरात पाच पिढ्या हे चाललंय त्या घरच्या बंदुकीवर मूळ रंग उरलेला नसणार, आणि त्या घासण्यालाच मी तरी त्या वस्तूचा इतिहास म्हणेन. सोनगीरसारख्या तांब्यापितळेच्या गावात जाऊन ‘पितळ काळं राहू द्या’ म्हणून बघा, तांबट हसतील. शिवाय कंपनी सरकारच्या काळातली ती प्रसिद्ध चकमकीची बंदूक, ब्राऊन बेस, तिची नळी शिपायाच्या हातात लखलखीतच असायची. विटेच्या भुकटीनं घासून ती पांढरी ठेवणं हे शिपायाचं रोजचं काम. म्हणजे आज आपण जिला ‘अस्सल जुना रंग’ म्हणून डोक्यावर घेतो, तो पुष्कळदा ती बंदूक वापरातून गेल्यानंतर चढलेला असतो. त्या शिपायाच्या बंदुकीवर तो रंग दिसला असता तर त्याला शिक्षा झाली असती.

हा मुद्दा मला खरंच पटतो. तरी तराजू झुकला तो दुसरीकडे, आणि तो एका आकड्यामुळे.

एन्फील्डच्या लॉकप्लेटवर, म्हणजे घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसतो तिच्यावर, मुकुटाचा शिक्का असतो, ‘टॉवर’ अशी इंग्रजी अक्षरं असतात आणि साल असतं. अमळनेरच्या बंदुकीवर मुकुट आहे पण त्याची टोकं विरघळल्यासारखी, अक्षरांतलं पहिलं आणि शेवटचं अंदाजानंच वाचायचं, आणि सालाचे पहिले तीन आकडे दिसतात: १, ८, ५. चौथ्या जागी एक गुळगुळीत खळगी आहे. खिडकीशी तिरकी धरून बघितली, विजेरी आडवी लावून बघितली, कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवून बघितली. सहा असेल, आठ असेल, नऊही असेल. विकणाऱ्यानं अर्थातच १८५७ सांगितलं होतं. त्याला तेच सांगायला आवडणार.

दुसरीकडे कुठं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. खान्देशात मात्र घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: सत्तावनच्या आधीची की नंतरची? कारण आपल्याकडे इंग्रजांविरुद्ध उठलेला भिल्ल पुढारी खाज्या नाईक आहे, सातपुड्यात एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई आहे, धरणगावला १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं उभी केलेली भिल्ल पलटण आहे. लॉकवरच्या सालावरून ती बंदूक कोणत्या लढाईत होती हे कळत नाही, ते फक्त घडवल्याचं साल, हे मी प्रत्येकाला सांगतोच. पण निदान तेवढं तरी सांगता यावं! अमळनेरला हा प्रश्न निघाला की आमचे स्नेही चहाचं विचारतात.

त्या चौथ्या आकड्याला आणखीही वजन आहे. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आतून आटे पाडलेल्या (गोळीला फिरकी देणाऱ्या) नळीची एन्फील्ड ठेवली नाही. १८५८ आणि १८५९ चे म्हणून ओळखले जाणारे नमुने आले. दिसायला त्याच घाटाची बंदूक, पण नळी आतून गुळगुळीत आणि मागची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, साधी, न हलणारी. लांबचा नेम साधता येऊ नये हा त्यामागचा हेतू. आता अमळनेरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे, पण मागे शिडीची, म्हणजे अंतराप्रमाणे वरखाली करायची, माशी बसवलेली आहे. ही नळी सरकारनंच गुळगुळीत केली, की नंतर कुणी शिकारीसाठी कोरून घेतली? ती शिडी मूळची, की ‘पूर्ण’ दिसावी म्हणून व्यापाऱ्यानं दुसऱ्या बंदुकीची काढून लावली? साल वाचता आलं असतं तर निम्मा उलगडा झाला असता. बफिंगच्या चाकानं तो पुरावा पाच मिनिटांत खाल्ला.

हाताच्या घासण्यात आणि चाकाच्या घासण्यात मला मोठा फरक वाटतो तो इथं. हातानं घासलेल्या बंदुकीची अक्षरं झिजतात, पण कडा बऱ्याच अंशी कडाच राहतात. चाक कडा गोल करतं. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा उतार येतो, आणि सपाट पट्टीत खिडकीचं प्रतिबिंब पाहिलं तर ते वाकडंतिकडं दिसतं. एकदा हे बघायची सवय लागली की पाच हातांवरूनही कळायला लागतं. स्क्रूच्या खाचाही बघा: बंदूक तपकिरी आणि खाचा नव्याकोऱ्या, किंवा बंदूक आरसा आणि खाचा चावून टाकलेल्या, दोन्हींत काहीतरी लपलेलं असतं.

माझ्या बंदुकीवरचं साल १८५६ आहे. चारही आकडे बोटालाही लागतात. गज नाही, पुढची पट्टी नंतर कुणीतरी गावच्या लोहाराकडून करून घेतलेली आहे, आणि दस्त्याची चीर तांब्याच्या तारेनं बांधलेली आहे. आणली तेव्हा आमच्या मावशी म्हणाल्या होत्या, “हाई भंगार कसाले लई उना?” अजूनही दिवाळीला ती पितांबरीनं घासायची तयारी त्या दाखवतात.

ती तार काढून टाकावी असं सांगणारे भेटले. मी काढणार नाही. मूळपणा म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाची अवस्था, असं मानलं तर हिंदुस्थानात टिकलेली एकही बंदूक मूळ ठरायची नाही. कुणी बदल केला आणि कधी केला, हा मला खरा प्रश्न वाटतो. ज्यानं ती वापरली त्यानं केलेला बदल तिचाच. विकण्यासाठी केलेला बदल उपरा. तोड्याच्या बंदुकीत तर हे फार स्पष्ट दिसतं: नळी दस्त्याला तारेनं नाहीतर चामड्याच्या वादीनं बांधलेली असते, वादी कुजते, बदलावीच लागते. वादी नवी म्हणून मी तोड्याची बंदूक कधी नाकारणार नाही. पण तिच्यावर ताजी कोफ्तगिरी, सोनेरी वेलबुट्टी दिसली तर मागे सरकेन. सर्वांत वाईट प्रकार चकमकीच्या बंदुकांचा. १८४० च्या आसपास त्यातल्या अनेक टोपीवर चालतील अशा बदलून घेतल्या गेल्या, तो बदल वापराच्या काळातला. नंतर संग्राहकांना चकमकीची हवी म्हणून त्या पुन्हा उलट्या फिरवल्या गेल्या. म्हणजे खरा इतिहास पुसला आणि त्याजागी आधीचा इतिहास नव्यानं बनवला.

बाहेर याचे दंडक ठरलेले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या जुन्या बंदुकांच्या प्रतवारीत ‘उत्तम’ला मूळ रंग ८० टक्क्यांहून जास्त लागतो. पण ‘फार चांगली’ या पायरीवर मूळ रंग शून्य असला तरी चालतो, फक्त सगळे भाग मूळ हवेत, कडा धारदार हव्यात आणि अक्षरं स्पष्ट हवीत. नव्यानं रंग चढवला, दस्ता पुन्हा पॉलिश केला, की ती त्याच्या खाली घसरते. थोडक्यात, अजिबात रंग नसलेली मळकी बंदूक नव्या रंगाच्या देखण्या बंदुकीपेक्षा वरची. आपल्या बाजारात भाव उलटा लागतो, आणि घेणाऱ्यानं त्याचा फायदाच घ्यावा.

बाजार नेहमी आंधळा असतो असं मात्र नाही. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा त्यातल्या बंदुका दोन्ही रूपांत विकल्या गेल्या: दीडशे वर्षांच्या वंगण-मळासकट, आणि साफ करून. आश्चर्य असं की मळासकट असलेल्यांनाही मुद्दाम शोधून घेणारे निघाले. स्वतःच्या हातानं, लाकडी काडीनं, थोडं थोडं करत मळ काढण्यात काय मिळतं ते त्यांना ठाऊक असणार. मळाखाली काय निघेल याची धाकधूकही त्यांनीच घेतली, हेही खरं.

निगा राखण्याचं बोलायचं तर इथं माझा अनुभव मोजमापाचा नाही, नुसत्या बघण्याचा आहे. मळकीला मी पावसाळ्याआधी आणि नंतर मेणाचा पातळ हात देतो, बाकी काही नाही. तिच्यावरचा जुना तपकिरी थर स्वतःच पुढच्या गंजाला थोपवून धरतो असं दिसतं. अमळनेरच्या उघड्या पोलादावर पाहुण्यानं हात लावला की आठवड्यात बोटांचे ठसे उमटतात, म्हणून आता ती काचेच्या पेटीत गेली आहे. तिच्या दस्त्यात नव्या लाकडाचा तुकडा जोडलेला आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा तो सांधा नखाएवढा उघडतो आणि श्रावणात पुन्हा मिटतो. जुनं लाकूड जे काय आक्रसायचं ते कधीच आक्रसून मोकळं झालेलं असतं. नव्या तुकड्याला खान्देशचा उन्हाळा अजून शिकायचा आहे.

एक बाब मात्र आवडीनिवडीची नाही. ‘चालू कंडिशन’मध्ये आणलेली बंदूक कुणी कौतुकानं दाखवली तर लगेच थांबा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये, ही त्यातली अट आहे. कुणी कान (दारूला आग पोचवणारं छिद्र) मोकळा केला, नवं निपल (टोपी बसवायची चोच) बसवलं, घोडा चालता केला, तर त्यानं तुमची पुराणवस्तू पुन्हा शस्त्र करून ठेवली. दुरुस्तीचं कामही परवानाधारकानंच करायचं असतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा, लेखी घ्या, मग पैसे द्या. आणि वस्तू शंभर वर्षांची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ती देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा नाही.

मग चकचकीत कुणी घ्यावी? घरात दसऱ्याचं पूजन आहे, बैठकीत एक देखणी वस्तू हवी आहे, सालाशी काही देणंघेणं नाही, तर खुशाल घ्या. आमच्या स्नेह्यांना तिचा आनंद माझ्यापेक्षा कमी नाही, आणि त्यांच्याकडे येणारी मुलं माझ्या मळकीकडे ढुंकूनही बघत नाहीत. फक्त विकणाऱ्याला नवे भाग कोणते ते कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला तो तयार असेल तर माणूस बरा. नसेल, तर भाव तिथंच निम्मा करा.

मळकी घेतलीत तर पहिलं वर्षभर तिला ब्रासो, सॅंडपेपर आणि गंज काढायच्या रसायनांपासून लांब ठेवा. हरवलेला गज नवा करून घालायला हरकत नाही, उद्या काढता येतो. माशी बाहेरून डाकवून घेऊ नका. आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही कामावर गेल्यावर कुणीतरी प्रेमानं ती घासून ठेवेल.