प्लॅटिनमवाला काचेचा टॉवर की जुनी उंच बिल्डिंग?

उंच बिल्डिंगमधे घर घ्यायचंय, पर्यावरणाचाही विचार करायचाय आणि समोर दोन पर्याय आहेत, एक नवाकोरा ४० मजली काचेचा टॉवर, लॉबीत ग्रीन सर्टिफिकेटची चकचकीत पाटी, आणि दुसरी तीसेक वर्षं जुनी १५-१६ मजली काँक्रीटची बिल्डिंग, पाटीबिटी काही नाही. बहुतेक जण पाटी बघूनच ठरवतात, मीही तेच केलं असतं, पण जरा खोदून बघितल्यावर माझं मत फिरलं.

आधी पाटीचंच घ्या. लीड या अमेरिकन ग्रीन सर्टिफिकेटची परीक्षा ११० पॉइंटची, ४० ला पास, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. सक्तीच्या अटी सोडल्या तर पॉइंट कुठून गोळा करायचे ते बिल्डरच्या हातात, म्हणजे जागा मोक्याची, स्टेशन जवळ, सायकलींना स्टँड असं करत करत बरीच मजल मारता येते, विजेत मार्क यथातथा असले तरी चालतं. आणि नव्या इमारतीच्या विजेचे मार्क कॉम्प्युटर मॉडेलवरून देतात, मीटर फिरायला लागतो नंतर. ब्रिटनची अशीच सर्टिफिकेट पद्धत ब्रीअम १९९० पासून आहे, तिचा स्वभाव साधारण असाच. एज नावाचं आणखी एक ग्रीन सर्टिफिकेट मला जास्त प्रामाणिक वाटतं, वीज, पाणी, मटेरियल तिन्हीत किमान २० टक्के बचत दाखवावीच लागते, एकातलं कमी दुसऱ्यात भरून काढता येत नाही. सगळ्यात खडूस पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या इमारतींचं स्टँडर्ड. बांधून झाल्यावर दारात मोठा पंखा लावून ५० पास्कल दाब देतात आणि तासाभरात इमारतीतली हवा ०.६ पटीहून जास्त गळली की नापास. एवढ्या उंचीला हे कसं जमणार असं वाटत असेल तर न्यूयॉर्कमधे कॉर्नेल टेक या युनिव्हर्सिटी कँपसचा २६ मजली राहण्याचा टॉवर २०१७ मधे याच हिशोबाने उभा राहिलाय.

आता काचेचं. चांगली डबल ग्लेझिंगची, म्हणजे दुहेरी काचसुद्धा नीट इन्सुलेशन केलेल्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत-बाहेर जाऊ देते, त्यामुळे सँपल फ्लॅट सकाळी एसी लावून दाखवतात तेव्हा भुलू नका, उन्हाच्या दिवशी दुपारी चारला पश्चिमेच्या फ्लॅटमधे जा आणि काचेला तळहात लावून बघा. खिडकी किती उघडते तेही बघा, वरच्या मजल्यांवर वाऱ्यामुळे आणि सेफ्टीमुळे बरेचदा चार बोटंच उघडते, मग एसी बंद पडला की तुम्ही आणि तुमचा व्ह्यू.

आणि जे दिसतच नाही ते म्हणजे बांधतानाच हवेत गेलेला कार्बन. सिमेंट आणि स्टीलचा धूर तुम्ही राहायला यायच्या आधीच निघून गेलेला असतो. उंची वाढली की वाऱ्याचा आडवा जोर झेलायला स्टील नुसतं एकूण वाढत नाही, दर मजल्याला लागणारं स्टीलही वाढत जातं, इंजिनिअर फझलुर खान याला उंचीचा प्रीमियम म्हणायचे. जुन्या बिल्डिंगचा हा कार्बनचा खर्च कधीच होऊन गेलाय, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट हाच.

म्हणून जुनी डोळे झाकून घ्या असं नाही हं. पाइप गळके, लिफ्ट वीजखाऊ, भिंतीत इन्सुलेशनचा पत्ता नाही, हे सगळं असू शकतं. पण सुधारता येतं. पॅरिसमधला १९६० च्या सुमाराचा बोआ-ल-प्रेत्र टॉवर पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या, तो ठेवून २०११ पर्यंत त्याला बाहेरून काचबंद गॅलऱ्या जोडल्या, घरं मोठी झाली, उजेड वाढला आणि ऊर्जेचा वापर साधारण निम्म्यावर आला, तोही लोक आत राहत असताना.

मात्र नूतनीकरणात बाहेरून काय चिकटवलंय ते विचाराच. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला २०१६ मधे नवं क्लॅडिंग, म्हणजे भिंतींवर बाहेरून पॅनेलचं आवरण लागलं, ऊब टिकावी आणि दिसायलाही बरं म्हणून, पण पॅनेलच्या पोटात प्लॅस्टिक होतं आणि १४ जून २०१७ ला आग त्यावरूनच चढली, ७२ माणसं गेली.

माझा कौल सांगायचा तर स्ट्रक्चर धडधाकट असेल आणि लोक दुरुस्तीला पैसे काढत असतील तर जुनी. नवा टॉवर तेव्हाच, जेव्हा निदान एकदोन वर्षं लोक राहून गेलेत आणि लिफ्ट, पंप, कॉरिडॉरचे दिवे यांची १२ महिन्यांची बिलं दाखवतात. बिलाला माणसांच्या संख्येने भागा, चौरस मीटरने भागलं की दोन माणसांचा अवाढव्य फ्लॅटही काटकसरी दिसतो.

मी दोन्हीकडे ही बिलं मागितली. टॉवरमधे हसून परत तेच ब्रोशर हातात दिलं. जुन्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी कपाटातून फाइल काढली, बिलं होती, आणि मधेच सातव्या मजल्याच्या गळतीच्या तीन तक्रारीही लावलेल्या होत्या, त्यातली एक त्यांची स्वतःचीच.